दहा हप्ते म्हणजे दहा आठवडे की दहा महिने? करारातली भाषा आणि पैशाचे वाद

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातलं, मुंबई-नागपूर महामार्गावरचं गाव. आम्ही इथे शाळेत शिकवतो. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता-लिहिता येतं, म्हणून संध्याकाळी कुणी ना कुणी कागद घेऊन दारात येतोच. कधी बँकेचं पत्र, कधी इसार पावती, कधी निकाहनामा. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "सर, इसमें पैसे का क्या लिखा है?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन ओळखीचे गृहस्थ एकाच कागदासाठी एकत्र आले. मार्चअखेर त्यांच्यात जुन्या मालवाहू ऑटोचा सौदा झाला होता. किंमत नव्वद हजार, त्यातले पन्नास हजार रोख दिलेले. उरलेल्या रकमेबद्दल कागदावर एकच ओळ होती: "बाकी चाळीस हजार रुपये दहा हप्त्यात देण्यात येतील."

विकणारे उर्दू शाळेत शिकलेले. त्यांच्या हिशेबाने हप्ता म्हणजे आठवडा. दहा आठवड्यांत, म्हणजे पेरणीच्या आधी, पूर्ण पैसे हातात येणार, या भरवशावर त्यांनी बियाणं-खताची जुळवाजुळव केली होती. घेणारे मराठी शाळेतले. त्यांच्या हिशेबाने हप्ता म्हणजे किस्त, आणि किस्त महिन्याची. त्यांनी एप्रिल आणि मे अखेर चार-चार हजार दिले होते आणि आपण वेळेवर देतोय या समाधानात होते. दोघंही खरं बोलत होते. कुणाचीही नियत खोटी नव्हती. खोट त्या ओळीत होती.

असे वाद घरोघरी होतात. "त्याने फसवलं" म्हणून नाती तुटतात आणि मूळ कारण एखादा प्रत्यय, एखादा स्वल्पविराम किंवा दोन अर्थांचा शब्द असतो. पैशाच्या अटी लिहिताना भाषा कुठे घसरते, कायदा अशा वेळी काय बघतो आणि कागद कसा लिहावा, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख.

कायदा काय बघतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल असतो. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: एक माणूस आपला पांढरा घोडा "पाचशे किंवा हजार रुपयांना" विकायचं कबूल करतो. दोनपैकी किंमत कोणती हे कशावरूनही कळत नाही, म्हणून तो करार टिकत नाही. एका "किंवा"मुळे पूर्ण सौदा गेला.

पण प्रत्येक संदिग्ध कागद रद्द होतो असं नाही. त्याच कलमात दुसरं उदाहरण आहे. फक्त खोबरेल तेलाचा धंदा करणाऱ्याने "शंभर टन तेल" विकायचं लिहून दिलं, तर कोणतं तेल हे त्याच्या धंद्यावरून कळतं. तो करार चालतो.

पुराव्याच्या कायद्यात हा फरक आणखी स्पष्ट होतो. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण हे नियम तसेच पुढे आले आहेत. ते साध्या भाषेत असे:

– लेखी करार झाल्यावर "तोंडी वेगळंच ठरलं होतं" असं सांगून लिहिलेली अट सहसा बदलता येत नाही. काही अपवाद आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

– कागद वाचताक्षणीच दोष दिसत असेल, जसं "हजार किंवा दीड हजार रुपये", तर साक्षीदार आणून तो भरून काढता येत नाही.

– कागद वरवर स्पष्ट असेल, पण प्रत्यक्षात दोन गोष्टींना लागू पडत असेल, तर पुरावा देता येतो. "माझा पांढरा घोडा हजार रुपयांना" असं लिहिलं आणि मालकाकडे पांढरे घोडे दोन निघाले, तर कोणता घोडा हे साक्षीने दाखवता येतं.

– स्थानिक, जुने, परभाषेतले किंवा धंद्यातले खास शब्द असतील तर त्यांचा अर्थ काय, याचाही पुरावा देता येतो. आमच्या "हप्त्या"चा प्रश्न इथे बसतो.

म्हणजे दोन घोडे असतील तर वाट आहे, दोन किमती असतील तर नाही. मात्र वाट असली तरी ती कोर्टातून जाते. वकील, तारखा, साक्षीदार. चाळीस हजारांच्या बाकीसाठी ती वाट कुणाला परवडणार?

वेळच लिहिली नसेल तर? करार कायद्याचं कलम ४६ सांगतं की अशा वेळी "वाजवी मुदतीत" पूर्तता करावी, आणि वाजवी म्हणजे किती हे त्या-त्या प्रकरणावर ठरतं. वचनचिठ्ठीचं मात्र वेगळं आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १९ प्रमाणे वचनचिठ्ठीत मुदत लिहिली नसेल तर पैसे मागताक्षणी देय होतात. "सवडीने देईन" असं मनात धरून मुदतीची जागा कोरी सोडणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. त्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं की आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरावी.

मराठी वाक्यात पैसे कुठे अडकतात?

पुढची उदाहरणं आमच्याकडे वाचायला आलेल्या कागदांच्या धर्तीवर आहेत. नावं आणि आकडे बदललेले आहेत.

१. चा-ची-चे चा घोळ. वहीत लिहिलेलं असतं: "शेखभाईंचे १२,००० बाकी." शेखभाईंकडून यायचे की शेखभाईंना द्यायचे? षष्ठीचा प्रत्यय फक्त संबंध सांगतो, दिशा सांगत नाही. लिहिणारा हयात असतो तोवर चालतं. तो गेल्यावर मुलं वही उघडतात आणि दोन घरांत वाद सुरू होतो. उपाय सोपा आहे. "ने" आणि "ला" वापरा: "शेखभाईंनी आम्हाला १२,००० रुपये द्यायचे आहेत."

२. कर्ता नसलेलं वाक्य. "रक्कम देण्यात येईल", "खर्च करण्यात यावा." सरकारी पत्रांमुळे ही भाषा आपल्याला रुबाबदार वाटते. पण कोण देणार? बटाईच्या कागदात "बियाण्याचा खर्च करण्यात येईल" असं असेल तर मालक बटाईदाराकडे बघतो आणि बटाईदार मालकाकडे. पैशाच्या प्रत्येक वाक्यात देणाऱ्याचं नाव हवंच.

३. आदराचं बहुवचन. मराठीत एका वडीलधाऱ्या माणसालाही आपण "त्यांना" म्हणतो आणि चौघांनाही "त्यांना"च म्हणतो. "हाजीसाहेब व त्यांचे पुतणे यांना पन्नास हजार रुपये द्यावेत." पुतणे एक की तीन? पन्नास हजार सगळ्यांत मिळून की प्रत्येकाला? आदर जरूर ठेवावा, पण नावं वेगवेगळी लिहून पुढे "प्रत्येकी" किंवा "सर्वांना मिळून एकूण" हे शब्द घालावेत.

४. "-ऊन" आणि "-ल्यावर". "माल मिळाल्यावर तपासणी करून आठ दिवसांत पैसे द्यावेत." आठ दिवस माल मिळाल्यापासून मोजायचे की तपासणी झाल्यापासून? तपासणी लांबवली तर पैसेही लांबणार का? मोजणी कोणत्या दिवसापासून, हे स्वतंत्र वाक्यात लिहावं: "माल पोहोचल्याच्या तारखेपासून आठ दिवसांच्या आत."

५. "-त" आणि "-च्या आत". "दहा हप्त्यात" याचा अर्थ "दहा भागांत" असाही होतो आणि "दहा हप्त्यांच्या मुदतीत" असाही. सप्तमीच्या एका "त" मध्ये दोन्ही मावतात. मुदत सांगायची तर "च्या आत", भाग सांगायचे तर "समान भाग करून". आणि "पर्यंत" वापरलं तर तो दिवस धरून की सोडून, तेही लिहावं: "३१ मार्च धरून".

६. "वगळून" आणि "सह" कुणाला लागतात? "घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल वगळून भाडे सहा हजार." एकजण म्हणतो तिन्ही वगळायचे. दुसरा म्हणतो फक्त वीजबिल. घर बांधायला गुत्त्याने देताना "विटा, वाळू, सिमेंट मजुरीसह चार लाख" असं लिहिलं जातं. यात साहित्य गुत्तेदाराचं की फक्त सिमेंट त्याचं? अशा जागी लांब वाक्य तोडून यादी करावी आणि प्रत्येक बाबीपुढे कोण भरणार ते लिहावं.

७. "फक्त" आणि "-च" ची जागा. "रंगकामाचे फक्त पाच हजार राहिले" आणि "फक्त रंगकामाचे पाच हजार राहिले" ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिल्यात रंगकामाच्या बाकीचा आकडा आहे. दुसऱ्यात बाकी सगळा हिशेब मिटल्याची कबुली आहे. सही करण्याआधी "फक्त" कुठे बसलाय ते पाहावं. रकमेच्या शेवटी मात्र तो हवाच: "अक्षरी रुपये दहा हजार फक्त." त्यामुळे पुढे शब्द घुसवायला जागा राहत नाही.

आपल्या दोन भाषांमधली खास जोखीम

वऱ्हाड दीर्घकाळ निजामाच्या राज्यात होतं, १८५३ नंतर त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. करार, मुदत, रक्कम, बाकी, वसूल, तारीख, जामीन हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. त्यामुळे उर्दू बोलणाऱ्याला मराठी कागद अर्धा कळल्यासारखा वाटतो. धोका तिथेच आहे. शब्द तोच असतो, अर्थ सरकलेला असतो. हफ्ता मूळचा फारसीतला, सातावरून आलेला, म्हणून आठवडा. मराठीत तो किस्तीचा झाला.

आकड्यांचंही तसंच. उर्दूत उन्नासी म्हणजे ७९ आणि नवासी म्हणजे ८९. मराठीत ते एकोणऐंशी आणि एकोणनव्वद. फोनवर किंवा घाईत एकाचा दुसरा होतो. घरात आपण "कल देता हूँ" म्हणतो. त्या "कल"मध्ये काल आणि उद्या दोन्ही आहेत, अर्थ क्रियापदावरून काढावा लागतो. म्हणून कागदावर "कल", "परसों" असलं काही नको. तारीख हवी.

निकाहनाम्यातला एक शब्द

निकाह हाही करार आहे आणि मेहर ही त्यातली पैशाची अट. इथे भाषेची सगळ्यात नाजूक जागा आहे आणि ती फार कमी घरांना ठाऊक असते.

मेहर दोन प्रकारचा. एक लगेच देय, म्हणजे पत्नीने मागताच द्यायचा. दुसरा पुढे ढकललेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीला, अथवा तलाक किंवा मृत्यूने निकाह संपल्यावर द्यायचा. अरबीत पहिल्या शब्दात "ऐन" हे अक्षर आहे आणि त्याचं मूळ घाई या अर्थाच्या शब्दात आहे. दुसऱ्यात "वाव"वर "हमजा" आहे आणि मूळ मुदत या अर्थाच्या शब्दात आहे. लिपीत फरक ठळक दिसतो. पण आपल्या बोलण्यात दोन्हींचा उच्चार जवळपास "मुअज्जल" असाच होतो, आणि देवनागरीत लिहिताना बरेच जण दोन्ही सारखेच लिहितात. म्हणजे "आत्ता" आणि "नंतर" या दोन उलट अर्थांना एकच शब्द! कागदावर नुसतं "मेहर मुअज्जल" असेल तर मुलीचा हक्क आजचा की उद्याचा, हे त्या शब्दावरून सांगता येत नाही.

प्रकारच लिहिला नसेल तर काय होतं? १९११ साली मुंबई उच्च न्यायालयाने "हुसेनखान सरदारखान विरुद्ध गुलाब खातून" या प्रकरणात म्हटलं की अशा वेळी मेहरचा किती भाग तात्काळ आणि किती भाग नंतरचा, हे रिवाजावरून ठरवावं आणि रिवाज नसेल तर पक्षांचा दर्जा व मेहरची रक्कम पाहून. मद्रासच्या न्यायालयाने मात्र पूर्ण मेहर तात्काळ मानला. शिया कायद्यातही न ठरवलेला मेहर तात्काळच धरतात. म्हणजे एकच कोरी जागा, आणि कोर्ट व मसलक बदलला की उत्तर बदलतं. आज आपला बुलढाणा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्याच नागपूर खंडपीठाखाली येतो.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मेहर लिहिताना "सिक्का राइजुल वक्त" हे शब्द येतात, म्हणजे त्या वेळी चलनात असलेलं नाणं. त्यापुढे रुपयांचा आकडा आणि अक्षरी रक्कम असेल तर प्रश्न उरत नाही. मेहर सोन्यात असेल तर "पाच तोळे" एवढंच पुरत नाही. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, तर आज आपल्या बाजारात सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. पाच तोळ्यांत आठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो. म्हणून ग्रॅम लिहावेत आणि २२ कॅरेट की २४, तेही.

निकाह पढवणाऱ्यांना आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की अरबी शब्द ठेवा, पण त्याखाली साध्या मराठीत एक ओळ जोडा: "यापैकी अमुक रुपये निकाहाच्या दिवशी रोख दिले, अमुक रुपये पत्नीने मागताच पती देईल, उरलेले अमुक रुपये अमुक तारखेला देईल." मेहर हे पतीवरचं कर्ज आहे. पती वारला तर वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडावं लागतं. एवढ्या वजनाची गोष्ट एका अक्षरावर सोडू नये.

सण, पीक आणि वजन

"ईदनंतर देतो." कोणती ईद? रमजान ईद आणि बकरी ईद यांच्यात सव्वादोन महिन्यांचं अंतर असतं. शिवाय हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने "पुढच्या ईदला" म्हणजे बारा इंग्रजी महिने नव्हेत. मुदतीच्या कायद्याचं, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टचं, कलम २४ सांगतं की त्या कायद्यापुरते सगळे दस्त इंग्रजी पंचांगानुसार केले असं समजावं. दावा लावायची मुदत मोजताना चांद्र महिने धरत बसलात तर दिवस हातचे जाऊ शकतात.

"कापूस निघाल्यावर देतो." पहिला वेचा, शेवटचा वेचा की फरदड? दिवाळीच्या आसपासपासून पुढे कित्येक महिने कापूस निघतच असतो. "कापूस विकल्यावर" म्हटलं तरी विकल्याचा दिवस धरायचा की व्यापाऱ्याकडून पैसे मिळाल्याचा? भावाचंही तसंच. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो आणि बाजारात खंडीचा भाव ऐकतो. पण ती खंडी सरकी काढलेल्या रुईची, सुमारे ३५६ किलोची असते. "खंडीच्या भावाने" असं मोघम लिहून कापसाचा सौदा करू नये.

ठोक्याने शेत घेताना "एका सालासाठी" लिहितात. साल कोणतं? गुढीपाडव्याचं, मृगापासूनचं की १ एप्रिलपासूनचं? दोन्ही टोकांच्या तारखा लिहिल्या की प्रश्न मिटतो.

मोठ्या कंपन्याही चुकतात

हे फक्त खेड्यात घडतं असं समजू नका. कॅनडात रॉजर्स आणि बेल अलायंट या दोन कंपन्यांत खांबांवरून तारा नेण्याचा करार होता. करार पाच वर्षं चालेल, त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षं, आणि एक वर्षाची नोटीस देऊन संपवता येईल, अशी अट होती. नोटिशीच्या शब्दांआधी एक स्वल्पविराम होता. पहिल्या पाच वर्षांतही नोटीस देता येते का, हा वाद झाला, कारण करार संपला तर खांबांचे दर वाढणार होते. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने त्या स्वल्पविरामाच्या आधारे अलायंटच्या बाजूने निकाल दिला. पण कराराची फ्रेंच प्रतही होती आणि तिच्यात अर्थ स्पष्ट होता. ती वाचून २००७ मध्ये निकाल फिरला.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाच्या दूध कंपनीच्या चालकांनी जादा कामाच्या पगारासाठी दावा केला. कोणत्या कामांना जादा पगार लागू नाही याची कायद्यातली यादी एका स्वल्पविरामाअभावी दोन प्रकारे वाचता येत होती. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांची बाजू उचलून धरली आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

रॉजर्सच्या प्रकरणातून आपल्यासाठी एक धडा आहे. दुसऱ्या भाषेतली प्रत कधी तारते, कधी नवा वाद उभा करते. करार उर्दू आणि मराठी दोन्हींत केला तर "फरक आढळल्यास अमुक भाषेतली प्रत अंतिम" ही ओळ शेवटी हवी.

वाद झालाच तर

न्यायालयं साधारणपणे तीन गोष्टी बघतात. पहिली, पूर्ण कागद. एक ओळ तोडून नाही, सगळ्या अटी एकमेकींशी लावून वाचतात. दुसरी, करारानंतरचं वागणं. "गोध्रा इलेक्ट्रिसिटी कंपनी विरुद्ध गुजरात राज्य" (१९७५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की शब्द संदिग्ध असतील तर पक्ष नंतर कसे वागले हे अर्थ लावायला पाहता येतं. तिसरी, कागद कुणी लिहिला. विशेषतः विमा पॉलिसीसारख्या, एकाच बाजूने तयार केलेल्या छापील करारात शंका राहिली तर अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात. "जनरल अश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदूमल जैन" (१९६६) या निकालात हे तत्त्व आलं आहे.

म्हणून पावत्या, फोनवरचे संदेश, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. पहिला हप्ता चुकीच्या वेळी किंवा कमी आला तर त्याच दिवशी लेखी कळवा. लिहाज म्हणून गप्प बसलात तर ते गप्प बसणंही पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. रक्कम मोठी असेल, जमीन-घराचा व्यवहार असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, नंतर नव्हे.

कागद लिहिताना

सूरह बकराची आयत २८२ कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि ती कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदत ठरवून लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. त्यात एक बारीक गोष्ट आहे: मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगायचा. ज्याच्यावर देणं आहे त्याच्याच तोंडून शब्द आले, तर नंतर "मला तसं कळलं नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही.

पैशाच्या प्रत्येक अटीला हे सहा प्रश्न विचारावेत:

– कोण देणार? (पूर्ण नाव, "ने" लावून)
– कुणाला देणार? (पूर्ण नाव, "ला" लावून, अनेक असतील तर प्रत्येकी की मिळून)
– किती? (आकड्यात आणि अक्षरात; सोनं-धान्य असेल तर ग्रॅम, किलो, क्विंटल)
– कधी? (इंग्रजी तारीख, हप्ते असतील तर पहिली आणि शेवटची तारीख)
– कशाबद्दल? (त्यात काय धरलं, काय वगळलं)
– चुकलं तर काय? (पुढची मुदत, वस्तू परत की आणखी काही)

एका वाक्यात एकच अट ठेवा. शेवटी कागद मोठ्याने वाचा आणि समोरच्याला म्हणा, "आता तुमच्या शब्दांत सांगा." तो वेगळं सांगत असेल तर चूक त्याच्या समजेत शोधू नका, वाक्यात शोधा. स्टॅम्प पेपरवर लिहिलं म्हणून मोघम वाक्य स्पष्ट होत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांना आधी चहा दिला. घेणाऱ्याचं म्हणणं होतं, "मी महिन्याने पैसे दिले तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत." विकणारे म्हणाले, "लिहाज में चुप रहा." दोघांचंही बरोबर होतं, पण पेरणी थांबणार नव्हती. अखेर घेणाऱ्यांनी मेहुण्याकडून उसने घेऊन दोन दिवसांत आठ हजार द्यायचं कबूल केलं. राहिलेल्या चोवीस हजारांसाठी नवा कागद केला:

"खरेदीदाराने विक्रेत्याला २४,००० रुपये, अक्षरी चोवीस हजार फक्त, द्यायचे आहेत. खरेदीदार ही रक्कम चार हजार रुपयांच्या सहा समान किस्तींत देईल. पहिली किस्त ५ जुलै रोजी आणि त्यानंतर दर इंग्रजी महिन्याच्या ५ तारखेला. शेवटची किस्त ५ डिसेंबर रोजी. प्रत्येक किस्तीची पावती विक्रेता त्याच दिवशी देईल."

मजकूर घेणाऱ्यांनी सांगितला, आम्ही लिहिला. "हप्ता" हा शब्द त्यात मुद्दाम कुठेच ठेवला नाही. दोघांनी वाचून सह्या केल्या, शेजारच्या दोघांनी साक्ष घातली. हे सगळं व्हायला वीस मिनिटं लागली. मार्चमध्ये ही वीस मिनिटं दिली असती, तर बियाणं वेळेवर आलं असतं आणि दोन महिने एकमेकांचा सलाम टाळायची वेळ आली नसती.